सायंप्रार्थनेनंतर विचारलेला एक प्रश्न

सुमारे चारशे वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे. गोव्यातील साष्टी तालुक्यातल्या एका चर्चमध्ये रविवारची सायंप्रार्थना आटोपली होती आणि मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम चालले होते. एवढ्यात नव्यानेच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला. तुम्ही शिकवता ती तत्त्वे व प्रार्थना चांगल्या आहेत, असे त्याने पाद्रीगुरूंना सांगितले. परंतु आमची पूर्वीची पुराणे वाचण्याची तुम्ही मनाई केली आहे, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का रचून देत नाही, असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अध्यायात नोंदवला आहे. त्या माणसाचे नाव त्यांनी दिलेले नाही.

प्रश्न साधा दिसतो, पण तो ज्या काळात विचारला गेला तो काळ साधा नव्हता. साष्टीतील देवळे 1567 साली पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली आणि पुढे पोर्तुगीजांनी तेथील गावकऱ्यांना बोलावून घेऊन ठार केले. जुने ग्रंथ लोकांच्या घरांतून हिरावून घेतले जात होते. आपण ख्रिस्ती लोक हा इतिहास सांगताना बहुधा अर्धाच सांगतो. तो पुरा सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे. कारण तो पुरा ध्यानी घेतल्याशिवाय त्या ब्राह्मणाच्या शब्दांतली पोकळी आपल्याला जाणवत नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरात काय वाचावे, सणावारी माणसे जमली म्हणजे कोणती कथा ऐकावी, याचे उत्तर त्याच्यापाशी उरले नव्हते. नवा धर्म त्याला रविवारी चर्चमध्ये भेटत होता, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस मोकळे पडले होते.

प्रश्न ऐकणारा गुरूही विलक्षण होता. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश करून 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्याला पोहोचले आणि 1619 साली तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या या वास्तव्यात ते इथल्या भाषा नुसते बोलण्यापुरत्या शिकले नाहीत. कोकणीचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली छापले गेले. प्रार्थना व श्रद्धेची मूलतत्त्वे समजावणारे प्रश्नोत्तररूप पुस्तकही त्यांनी कोकणीतच रचले. ते 1622 साली रायतूर येथे छापून झाले. परंतु पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली आणि तिच्यात कोकणी शब्दांची मिसळ केली. भाषेच्या वादात मी येथे शिरत नाही. त्या वादाने आमच्या सीमाभागातली पुष्कळ संध्याकाळ खाल्ली आहे. स्टीफन्स यांना एवढे नेमके उमगले होते की, स्वयंपाकघरात तोंडी येणारी प्रार्थना एका बोलीत असते आणि चारचौघांत बसून ऐकावयाची कथा लोक दुसऱ्या भाषेत ऐकत आले आहेत. माणसाच्या श्रद्धेला दोन्ही लागतात.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. सारे मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. छंद तोच, जो ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्यामुळे लोकांच्या कानांत बसला होता. स्वर्गाला शब्ददेखील ‘वैकुंठ’ हाच. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे.

ग्रंथ छापला मात्र रोमन अक्षरांत. आपल्या लिपीतील पुस्तके छापली जावीत ही स्टीफन्स यांची इच्छा होती. 1608 साली त्यांनी आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना तसे लिहिलेही होते. जोडाक्षरे व काने-मात्रे धरून सुमारे सहाशे खिळ्यांचे साचे पाडावे लागतील ही अडचण होती. ती संख्या कमी कशी करता येईल, याचाही विचार त्यांनी मांडला. ते साधले नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. 1745 साली तर आर्चबिशपांनी पोर्तुगीज येत नसेल त्या ब्राह्मण व चाड्डे ख्रिस्ती तरुण-तरुणींचे लग्नच लागू नये असा आदेश दिला. विचार करा, वेदीसमोर उभे राहण्यापूर्वी वधूवरांची परीक्षा घ्यावयाची, आणि तीही श्रद्धेची नव्हे, परक्या भाषेची! असल्या हुकुमांनी घरातली भाषा मरत नाही. पण ग्रंथ मात्र मागे पडतात. पुराणाच्या 1649 व 1654 साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी तो हाताने उतरून घेतला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मंगळूरकडे जपला, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी 1956 साली पुण्यात काढली. म्हणजे लिपीबद्दलची स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. मी शाळामास्तर आहे आणि रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षणही देतो. काही वर्षांपूर्वी दृढीकरण होऊन गेलेला एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला. म्हणाला, “सर, पाठ केलेले सारे येते. पण आई रात्रभर कण्हत असते, तेव्हा तिच्याजवळ बसून मी काय म्हणू?” मला घरी जाण्याची घाई होती. “पुस्तकात आहे तेच म्हण,” असे सांगून मी छत्री उचलली. त्यानंतर तो वर्गाला आला नाही. वर्षभराने त्याच्या आईच्या अंत्यविधीला आमची गाठ पडली. तो शेवटच्या बाकावर बसला होता आणि त्याचे ओठ हलत नव्हते.

साष्टीच्या त्या धर्मगुरूंनाही त्या दिवशी कामे असतीलच. मुले ताटकळत होती, वर्ग अर्धवट राहिला होता.

पुढे मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि माझ्याजवळची पुराणाची देवनागरी प्रत त्याला दिली. पंधरा दिवसांत त्याने ती परत आणली. जुनी मराठी कळत नाही, म्हणाला. खरे सांगायचे तर मलाही सारी कळत नव्हती. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे माझ्या ओटीवर अर्धा तास ती वाचतो. एक ओवी तो मोठ्याने म्हणतो, एक मी. अडलेल्या शब्दापुढे पेन्सिलीने खूण करतो. कधी कधी त्याची धाकटी बहीणही येऊन उंबऱ्यावर बसते. आमचे वाचन आता नोहाच्या तारवापर्यंत आले आहे.