चार दिव्यांची मैफल

माळव्यातल्या आपल्या मराठी मंडळांच्या बैठकींत हल्ली एक वाक्य हमखास कानी पडते : ‘गाणारे आहेत हो, पण लाइटचे भाडे कोठून आणायचे?’ वर्गणी आटली आहे, जुनी घरे मुंबई-पुण्याकडे गेली आहेत आणि मुलांची मराठी उंबरठ्याच्या आतच राहू लागली आहे. अशा वेळी गणेशोत्सवातले वा कोजागरीचे गाणे हा सर्वांना एकत्र आणणारा मोठा धागा आहे. तो दिव्यांच्या भाड्यापायी तुटावा काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच दोन गावांच्या इतिहासात सापडण्यासारखे आहे.

प्रथम धारकडे वळू. 1903 साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना तेथील कमाल मौला परिसरात एक कोरीव शिळा आढळली. तिच्यावर ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटिकेचे पहिले दोन अंक आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा आजतागायत मिळालेली नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने ही नाटिका रचली आणि वसंतोत्सवात ती सरस्वतीच्या मंदिरात व्हावयाची, असे तिच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. दुसऱ्या अंकाचे नाव ‘ताडंकदर्पण’. झाडाआड लपलेल्या नायिकेचे प्रतिबिंब राणीच्या कर्णभूषणात पडते आणि राजा ते पाहत राहतो, असा त्यातला प्रसंग आहे. एवढ्याशा चकाकत्या पृष्ठभागावर सारे नाट्य उभे करणाऱ्या कवीला परावर्तित प्रकाशाची जाण होती, यात शंका नाही.

मराठी रंगभूमीचा जन्म 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या हातून झाला. त्या काळी उजेड म्हणजे समया, दिवट्या आणि तेलात बुडवलेल्या चिंध्यांचे हिलाल. उजेड जेथे पडे तेथेच नटाने उभे राहावे, हा तेव्हाचा साधा नियम. पुढे किटसनच्या आणि पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आल्या. प्रकाश पांढरा व भरपूर झाला, पण त्या फुसफुसत आणि हव्या तेव्हा हळूहळू मंद करता येत नसत. म्हणजे साधन वाढले, तरी त्यावरचा ताबा तेवढा वाढला नाही. आजही भाड्याचे लुकलुकणारे रंगीत दिवे आणून आपण तीच चूक करतो.

देवासची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. बागा, मोटारी आणि अतिथिगृह यांच्याबरोबर संस्थानचे वीजघरही त्यांच्याच देखरेखीखाली होते. लेखनवाचनाशी यांपैकी कशाचाच संबंध नाही, असे त्यांनी विनोदाने नोंदवले आहे. त्या वर्षीचा जुन्या राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी पाहिला. 1924 च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्यावर बेतलेला आहे आणि 1953 च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकातही त्याचे वर्णन आले आहे. टाळ-पेटीच्या साथीने अखंड चाललेली भजने आणि देवापुढे स्वतः नाचणारे महाराज, हाच त्या उत्सवाचा प्राण होता. विजेचा थाट हे त्याचे बळ नव्हते.

याच देवासात उस्ताद रजब अली खाँसाहेब गायले, आणि 1948 साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी येथेच आले ते कायमचे. नाटकात प्रेक्षक अंधारात बसतो, पण मैफलीत गायकाला समोरचा चेहरा दिसावा लागतो आणि श्रोत्याला गायकाचा चेहरा व हात. म्हणून मैफलीला झगमगाट नको, डोळ्यांना न टोचणारा नेमका उजेड हवा.

तो कमी साधनांत साधतो, हे जाणत्यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी 1932 साली मांडलेली पद्धत सोपी आहे : समोरून, पण डाव्या-उजव्या अंगाला पंचेचाळीस अंशांवर, वरून दोन दिवे; एक उबदार छटेचा, दुसरा शीतल. चेहरा सपाट दिसत नाही आणि काळ्या सावल्याही पडत नाहीत. कलकत्त्याच्या तापस सेन यांनी 1959 साली ‘अंगार’ नाटकात खाणीत शिरणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले.

आपल्याला एवढे पुरे. दोन दिवे समोरून, तिसरा मागून म्हणजे गायक पडद्यापासून सुटा दिसतो, चौथा तबलजी व पेटीवाल्याकडे. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून जादा दिवा आणण्याऐवजी आहे तोच जवळ घ्यावा. जवळच्या दिव्याला पत्र्याच्या डब्याचे आडोसे करावे. बाजूला पांढरी चादर ताणली की परतणारा प्रकाश सावल्या मऊ करतो. ताडंकदर्पणाचाच हा धाकटा भाऊ! मंचावरच्या ट्यूबलाइट मात्र बंद ठेवाव्या. पतंगी कागद तापल्या दिव्याला लावू नये, तो पेटतो. मिठाच्या पाण्यात पत्रा खालीवर करून दिवे मंद करण्याची हौशी मंडळींची जुनी युक्ती हा जिवाशी खेळ होता. तिच्या वाटेला जाऊ नये. वायरिंग जाणत्या वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

आणि हे काम मुलांच्या हाती द्यावे. ‘जरा खाली घे, डावीकडे वळव, आता मंद कर’ ही मराठी पाठ्यपुस्तकातून येत नाही, काम करतानाच ती तोंडी बसते. गाणे ऐकायला न येणारा मुलगा दिवा धरायला येईल, आणि दिवा धरता धरता गाणेही त्याच्या कानी पडेल. भाड्यासाठी कार्यक्रम रद्द करण्यापूर्वी मंडळांनी यंदा एवढे तरी करून पाहावे.