योना ऐकायचा तर उपाशी पोटी

आज सूर्य मावळायच्या आत पोटभर जेवून घ्या. त्यानंतर उद्या रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंबही नाही. उपास कडक आहे खरा, पण ज्या पुस्तकासाठी आपण निघालो आहोत ते भरल्या पोटी नीट ऐकू येत नाही. पुस्तक लहानसं आहे. हिब्रू धर्मग्रंथात संदेष्ट्यांची पुस्तकं आहेत, त्यांतलं हे योनाचं. चार अध्याय आणि ४८ वचनं, बस्स.

जेवलात? मग बोईसरच्या कारखान्यांचा धूर आणि अणुवीज केंद्राचे दिवे मागे टाकून तारापूरच्या खाडीवर या. चपला हातात घ्या. चिखल घोट्यापर्यंत येईल, येऊ द्या. गुडघाभर पाण्यात शिरलात की मागे वळून बघा. दिवे गेले. किल्ल्याचा काळा तट, माडांच्या झावळ्या आणि अर्ध्याहून मोठा झालेला शुद्ध पक्षातला चंद्र एवढंच उरलं. तुम्ही १८९० च्या आसपास पोचला आहात. पावसाळा सरतोय, समुद्र अजून पुरता निवलेला नाही.

मचव्यात चढा. कडेला हात घासेल, लाकूड खरखरीत आहे. पोटात जळाऊ लाकडं, सागाचे वासे आणि सुक्या मासळीच्या गोण्या खच्चून भरल्यात. त्या वासाशी पहिल्या तासातच जमवून घ्या, कारण रात्रभर दुसरी हवा मिळणार नाही. तांडेल सुकाणूपाशी बसलाय. खलाशी शिडाचा दोर ओढतात, परबाण करकरत वर जातं आणि मचवा दक्षिणेला वळतो. डाव्या हाताला सातपाटीचे दिवे मिणमिणतात, मग केळवे-माहीम. तुम्हाला डुलकी लागते.

अर्नाळ्याच्या पुढे कधीतरी तुम्ही गदगदून जागे होता. चंद्र मावळलाय. वारा उलटा फिरलाय, आणि मचव्याखालचं पाणी एकदम खोल जातं व तितक्याच झपाट्याने वर येतं. खारं पाणी तोंडावर आपटतं. जीभ ओठांवरून फिरवू नका, तहान वाढेल. तांडेल ओरडतो, शीड खाली येतं. एक खलाशी एकवीरेला हाक मारतो, दुसरा अल्लाला, नाळेवरचा पोरगा कुणाला हाक मारतोय ते वाऱ्यात ऐकू येत नाही. मग लाकडाच्या मोळ्या समुद्रात जाऊ लागतात. एक, दोन, पाच. प्रत्येक मोळीबरोबर कुणाची तरी मजुरी बुडते हे तुम्हाला तांडेलच्या तोंडावर दिसतं. तुम्हीही एक मोळी उचलता आणि फेकता. हाताला कुसळं लागतात.

योनाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तुम्ही आत्ता अंगावर घेतलात. तिथेही असंच गलबत आहे, याफोच्या बंदरातून तार्शीशला निघालेलं. खलाशी वेगवेगळ्या देवांना हाका मारतात, माल समुद्रात टाकतात. आणि ज्याच्यामुळे हे वादळ आलं तो देवाचा माणूस तळाशी गाढ झोपलाय.

पहाटेला वारा पडतो. ओला खलाशी विडी पेटवायची खटपट करत तुमच्याशेजारी टेकतो. मुंबईत कुठे, असं विचारतो. योनाचं नाव काढताच त्याचे डोळे चमकतात. “म्हंजे यूनुस नबी! माशाच्या पोटात होते ते.” त्याच्या कुराणातही हा संदेष्टा आहे. तुम्ही एकाच माणसाकडे निघाला आहात हे त्याला पटतं, आणि कुलाब्याच्या टोकाला वळसा घालेपर्यंत तो तुमच्याशी घरच्यासारखा बोलत राहतो.

दुपार व्हायच्या सुमाराला मांडवीच्या धक्क्यावर उतरा. पाय जमिनीवर ठरत नाहीत, रस्ताच हलतोय असं वाटेल. हळद, मिरी, खोबरं, गोणपाट आणि घाम यांचा एकच दाट वास नाकात भरतो. हमाल “बाजू, बाजू” करत पाठीवर पोती घेऊन अंगावर येतात. एक भिस्ती पखाल घेऊन जवळून जातो आणि चामड्यावरून गळणारा प्रत्येक थेंब तुमच्या डोळ्यांत भरतो. त्याच्याकडे बघू नका. सॅम्युअल स्ट्रीट विचारा.

गल्लीत शिरलात की गोंगाट मागे राहतो. इथल्या कितीतरी घरांची दारं बंद आहेत. आज बेने इस्राएल या मराठी यहुद्यांची दारफाळणी, म्हणजे योम किप्पूर. पापांची क्षमा मागायचा दिवस. चुली थंड आहेत, माणसं पांढऱ्या कपड्यांत आहेत, पायांत चामडं नाही. आजच्या दिवशी ही मंडळी बाहेरच्यांचा स्पर्शही टाळतात, म्हणून अदबीने हातभर अंतर राखा. पण परकं वाटून घेऊ नका. बोलणं कानावर पडू द्या. ते तुमचंच मराठी आहे, कोकणातल्या हेलाचं. आडनावं दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, नवगावकर. बायका नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र. अलिबागेकडच्या गावांत यांचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी विसावा पाळून बैल सोडून द्यायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मुंबईत ते गवंडी, सुतार, कारकून आणि पलटणीतले शिपाई झाले.

समोरचं सभास्थान १७९६ साली सॅम्युअल दिवेकर या पलटणीतल्या अधिकाऱ्याने स्थापन केलं. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून देवाचे उपकार फेडायला त्याने हे उभारलं, असं सांगतात. सभास्थानाचं नाव शाअर हारहमीम, दयेचं द्वार. हे नाव ध्यानात ठेवा, आत गेल्यावर लागणार आहे.

डोकं झाका आणि आत या. उष्णता भिंतीसारखी समोर येते. खोबरेल तेलाचे दिवे, शेकडो माणसांचे श्वास, कालपासून कोरड्या पडलेल्या तोंडांचा वास. लहान पोरं पेंगुळलीत, पण घरी जायला तयार नाहीत, कारण यंदा पहिल्यांदाच पुरा उपास करायचा पण केलाय. सकाळपासून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचे पाय थरथरतात. तुमचं डोकं ठणकतंय, जीभ टाळ्याला चिकटलीय. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसा. शेजारच्या आजोबांच्या हातात पुस्तक आहे, प्रार्थनांचं मराठी भाषांतर. जोसेफ इझिकेल राजपूरकर या शिक्षकाने अशा किती तरी प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे म्हणायचं हिब्रूत असलं तरी काय म्हणतोय हे लोकांना उमगू लागलं.

दुपार कलते. तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर येते, वाचन होतं, आणि मग योना सुरू होतो. हिब्रूचे शब्द ओळखीचे नाहीत, पण सूर ऐका. लाटेसारखा चढतो, थांबतो, उतरतो. आजोबा तुमच्याकडे न बघता हलक्या आवाजात सांगू लागतात.

“पाव्हणे, देवाने योनाला सांगितलं, निनवेला जा. आणि हा उलट्या दिशेच्या गलबतात बसला. का, ते ठाऊक आहे? निनवे म्हणजे अश्शूरांचं मोठं नगर. त्यांनीच आमचं इस्राएलचं राज्य धुळीला मिळवलं. तुमचं घर जाळणाऱ्याच्या गावी जाऊन, बाबांनो सुधारा, असं सांगाल तुम्ही?”

तुम्ही गप्प राहता. सूर पुढे जातो.

“खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, योनाचं नाव निघालं. तो म्हणाला, मला समुद्रात टाका, वादळ शमेल. तरी त्यांनी लगेच टाकला नाही. आधी किनारा गाठायला जीव तोडून वल्ही मारली. परके लोक, परक्या देवांचे. पण एका माणसाचा जीव वाचवायची धडपड त्यांनी केली. देवाच्या माणसाने मात्र निनवेच्या साऱ्या जिवांकडे पाठ फिरवली होती.”

ती रात्रीची मोळी आठवते? तुमच्या हाताला अजून कुसळं टोचताहेत.

आजोबांचा आवाज आणखी खाली येतो. त्यांचे पूर्वजही गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जगल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ग्रंथ गेले, कपडे गेले, जवळ राहिली ती एक-दोन वचनं आणि शनिवार. समुद्राने बाहेर टाकलेल्या माणसाची गोष्ट ही या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरातली गोष्ट आहे. म्हणून पहिल्या अध्यायाला इथे कुणी चुळबुळ करत नाही.

मासा येतो आणि जातो. लहानपणापासून तुम्ही ज्याच्यासाठी हे पुस्तक ओळखता, त्या माशाला मोजून तीन-चार ओळी मिळाल्यात. योना तीन दिवस पोटात राहतो, प्रार्थना करतो, मासा त्याला कोरड्यावर ओकून टाकतो. आता तो निनवेला जातो आणि हिब्रूतल्या अवघ्या पाच शब्दांत सांगून मोकळा होतो की चाळीस दिवसांनी हे नगर उलथणार. एवढ्याने नगर हादरतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसं उपास धरतात, गुराढोरांनाही चारा-पाणी नाही, त्यांच्याही अंगावर गोणपाट. तुमच्या पोटात कळ येते त्याच वेळी हे वाक्य येतं. आज तुम्ही, हे आजोबा, ही पेंगुळलेली पोरं आणि निनवेची गुरं, सगळी एकाच उपासात आहात.

देव निनवेला क्षमा करतो. आणि योना संतापतो.

“इथं खरं पुस्तक सुरू होतं,” आजोबा म्हणतात. “त्याला ठाऊकच होतं देव दयाळू आहे. म्हणून तर पळाला होता! स्वतःला माशाच्या पोटातून सोडवलेलं चाललं, शत्रूला सोडवलेलं चालेना.”

योना नगराबाहेर जाऊन बसतो, आता तरी काही घडतंय का बघत. ऊन रणरणतं. देव एका रात्रीत त्याच्यावर एक वेल चढवतो, सावली पडते, योना खूश होतो. दुसऱ्या पहाटे कीड वेल कुरतडते, पूर्वेचा भाजणारा वारा सुटतो आणि योना मरण मागू लागतो. तुमच्या मानेवरून घाम ओघळतोय. उन्हात सावली गेली की माणूस किती लवकर चिडतो, हे आत्ता समजावून सांगावं लागत नाही. मग देव विचारतो. न लावलेल्या, न वाढवलेल्या वेलीसाठी तू हळहळतोस; मग उजवा-डावा हातही न ओळखणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि शिवाय एवढी गुरं जिथे आहेत, त्या नगराची कीव मी करू नये?

पुस्तक इथेच संपतं, प्रश्नावर. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. वाचणारा थांबत नाही, लगेच मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याची थोडी वचनं जोडतो. देव सारी पापं समुद्राच्या तळाशी टाकतो, असं त्यांत आहे. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका देतं. दयेच्या द्वारात बसलेल्या माणसांना आज स्वतःसाठी क्षमा हवी आहे. आणि ऐन क्षमेच्या दिवशी, भुकेने जीव अर्धा झाल्यावर त्यांना हे पुस्तक ऐकवलं जातं, कारण त्या वेळी नाही म्हणायचं बळ अंगात उरलेलं नसतं. जी दया मी मागतो ती माझ्या शत्रूलाही मिळणार, हे मान्य करूनच या दारातून आत यायचं.

सूर्य मावळतो, शेवटची प्रार्थना होते, शिंगाचा लांबलचक आवाज छातीत घुमतो. आता बाहेर या आणि पाणी प्या, सावकाश. उद्या शिळा सण आहे. बंद दारं उघडतील, लोक एकमेकांकडे जातील, गरिबांना दान देतील. तुम्ही मात्र आता तुमच्या काळात परत या.

ते सभास्थान सॅम्युअल स्ट्रीटवर आजही उभं आहे. बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले, थोडे इथे राहिले. पण हे पुस्तक मराठीतून कुठे गेलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली मरणापूर्वी ते काम पुरं केलं. पालघर जिल्ह्यातल्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. यांतलं कुठलंही घ्या. योना एका बैठकीत वाचून होतो. उपासाच्या दिवशी, संध्याकाळच्या आधी वाचा. माशापाशी थांबू नका, चौथ्या अध्यायापर्यंत जा. आणि ज्या गावावर, ज्या वस्तीवर किंवा ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे, त्याचं नाव निनवेच्या जागी घालून शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. योनाने द्यायचं राहिलेलं उत्तर तुम्ही द्या.