तळटीप : दगावणाऱ्यांचे प्रमाण आणि छेद

* भुसावळ, उन्हाळा २०२० : मजकुरातला ‘मृत्यूदर’ म्हणजे कोरोनाबाधित आढळलेल्यांपैकी दगावलेल्यांची टक्केवारी. भुसावळ ज्यात येते त्या जळगाव जिल्ह्यात जून २०२० च्या सुमारास ती दहाच्या वर होती, देशात तीनच्या आसपास. म्हणून इथला विषाणू तिपटीने घातक होता असे मात्र मुळीच नाही. या अपूर्णांकाचा छेद तपासण्यांवर ठरतो. समजा, शंभर बाधित सापडले आणि दहा गेले, तर दहा टक्के. घरोघर तपासणी करून त्याच वस्तीत चारशे सापडले, तर तेच दहा मृत्यू अडीच टक्के होतात. अर्थात सगळा दोष गणिताचा नव्हता. लोक भीतीपोटी दुखणे अंगावर काढत, धाप लागल्यावरच दवाखाना गाठत. वेळेवर आले असते, तर त्यातले कित्येक जीव खरोखर वाचले असते. म्हणूनच हा आकडा कुणी हलक्यात घेऊ नये.

लोकसंख्येवर काढलेला मृत्यूदर वेगळा. त्याचा छेद सारे गाव : २०११ च्या जनगणनेनुसार भुसावळ शहर सुमारे १ लाख ८७ हजार. इथे अंश आणि छेद एकाच वस्तीचे हवेत. भुसावळचा रुग्ण जळगावच्या रुग्णालयात वारला, तरी नोंद भुसावळची. यावल-रावेरचा माणूस भुसावळात वारला, तर तो त्याच्या तालुक्याचा. भुसावळसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात पत्ता विचारून लिहिणे हे साथरोगशास्त्राचेच काम आहे. — संपा.