गुलाब, जुलाब आणि ज्युलेप

आजचा भाग एका पेयावर आहे, मिंट ज्युलेपवर. अमेरिकेत केंटकी डर्बी नावाची घोड्यांची शर्यत असते, तिथे 1938 पासून हे मानाचं पेय. आज त्यात बर्बन व्हिस्की घालतात. पण एकोणिसाव्या शतकातला झोकदार ज्युलेप म्हणजे ब्रँडी आणि पुदिना.

आधी नाव बघू. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपण तो शब्द फुलालाच देऊन टाकला. अरबीत त्याचं झालं 'जुलाब', म्हणजे गोड सरबत. कडू औषध त्यातून द्यायचे. हो, हसा! पोट साफ करायच्या औषधावरून आपल्याकडे आलेला जुलाब तो हाच. युरोपातल्या वैद्यांकडे तोच शब्द 'ज्युलेप' झाला आणि जहाजातून अमेरिकेत पोचला. 1803 मध्ये जॉन डेव्हिस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की व्हर्जिनियातले लोक सकाळी सकाळी पुदिना घातलेली दारू घेतात.

आता कृती. 1862 मध्ये जेरी थॉमसने छापली ती अशी: 1 मोठा चमचा साखर, अडीच चमचे पाणी. त्यात पुदिन्याच्या 3-4 काड्या दाबायच्या, वास उतरेपर्यंतच. मग साधारण 90 मिली कोन्याक ब्रँडी आणि पेला भरून किसलेला बर्फ. पुदिन्याच्या काड्या काढून देठाकडून बर्फात खोचायच्या, म्हणजे पानं गुच्छासारखी वर राहतात. वरून बेरी, संत्र्याच्या चकत्या, थोडी जमैकन रम आणि साखर. (महाराष्ट्रात वयाची 25 पूर्ण नसतील तर फक्त ऐका!)

पण हे पेय नावारूपाला आणणारे बरेचसे हात गुलाम माणसांचे होते. व्हर्जिनियातल्या रिचमंडचा जॉन डॅबनी त्यातलाच. त्याचा बर्फाने लगडलेला 'हेलस्टॉर्म' ज्युलेप, म्हणजे अक्षरशः गारपीट, शहरभर गाजला. पेला त्याचा, हात त्याचा, पण कायद्याने तो स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा. वाट्याला आलेले पैसे साठवून त्याने आधी बायकोला, एलिझाबेथला, सोडवलं. मग स्वतःची किंमत हप्त्याहप्त्याने भरू लागला. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. आता एक पैसाही द्यायची गरज नव्हती. तरी त्याने उरलेली रक्कम फेडली. गोऱ्या लोकांनी याचं 'बघा, किती इमानी!' म्हणून कौतुक केलं. मला विचाराल तर प्रश्न उलटा आहे: माणसाला स्वतःचीच किंमत भरायला लावणाऱ्यांचं देणं कोणी फेडलं?

डॅबनीने पुढे स्वतःचं रेस्टॉरंट चालवलं. 1900 मध्ये तो गेला. तोवर ब्रँडीही मागे पडली होती. अमेरिकेतूनच गेलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली, कोन्याक दुर्मीळ झाली आणि तिची जागा व्हिस्कीने घेतली.

तर कुठे 'मिंट ज्युलेप' वाचलंत, तर त्यातला आपला गुलाब ओळखा. आणि जॉन डॅबनीचं नाव शेजारच्याला सांगा. भेटू पुढच्या भागात!