नागपट्टिणमचे दफ्तर आणि संदर्भ ग्रंथपाल

सिरुसेरीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी मंडळी मला अनेकदा विचारतात, 'या किनाऱ्याच्या इतिहासाशी आपला संबंध काय?' उत्तरादाखल मी याच किनाऱ्यावर दक्षिणेस असलेल्या नागपट्टिणम बंदराचे नाव घेतो.

राजराज चोळाने इ.स. १००६ च्या सुमारास तेथील बौद्ध विहाराला आनैमंगलम गावाचा महसूल लावून दिला. विहार बांधविणारे राजे समुद्रापलीकडचे, श्रीविजय व कडारमचे. हा दानलेख २१ ताम्रपटांवर कोरलेला आहे. त्यातील संस्कृत भाग राजप्रशस्तीचा आहे. तमिळ भाग मात्र निखळ प्रशासनाचा आहे. हत्तीण फिरवून आखलेली शीव, माफ केलेले कर, अधिकाऱ्यांच्या सह्या, सारे त्यात नोंदलेले आहे. १८६२ मध्ये हे पट हॉलंडमधील लायडन विद्यापीठात दाखल झाले.

'श्रीविजय' म्हणजे काय, हे मात्र दीर्घकाळ उलगडले नव्हते. १९१३ मध्ये कर्न या डच पंडितांनी ते एका राजाचे नाव मानले. १९१८ मध्ये जॉर्ज सेदेस यांनी इंडोनेशियातील शिलालेख, चोळांचे लेख आणि चिनी नोंदी शेजारी ठेवून वाचल्या व ते सुमात्रातील एक बलाढ्य राज्य असल्याचे दाखविले. त्याच सुमारास सेदेस बँकॉकच्या वजिरञाण ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले, हे मला अर्थपूर्ण वाटते. विखुरलेले कागद एकमेकांच्या शेजारी आणणे, हेच संदर्भ ग्रंथपालाचे खरे काम होय.

आता मराठी धागा पाहू. तंजावरचे पहिले भोसले राजे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, यांनी १६७६ मध्ये नागपट्टिणमवरील डचांचे हक्क कायम केले. ती सनद रुप्याच्या पत्र्यावर कोरलेली होती आणि ती पोहोचली बटेव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, संग्रहालयात! एकाच बंदराचे कागद असे तीन देशांत पांगले.

तिसरा देश आपलाच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीच्या मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे, पुणे दफ्तराच्या भाषेत रुमाल, जपून ठेवलेले आहेत. सरफोजीराजांनी (दुसरे) वैभवास नेलेले हे ग्रंथालय १९१८ मध्येच जनतेसाठी खुले झाले.

प्रशासनातील माझा अनुभव सांगतो, की सूची नसलेला कागद आणि हरवलेला कागद यांत व्यवहारतः फरक उरत नाही. संदर्भ ग्रंथपालाने कितीही मनापासून शोध घेतला, तरी रुमालात काय आहे हे कोणी वाचून नोंदविलेच नसेल, तर तो वाचकाच्या हाती काय देणार? आणि त्यासाठी मोडी वाचणारे डोळे हवेत. ते तमिळ बांधवांकडून का अपेक्षावे? ती लिपी आपली आहे. सिरुसेरीहून तंजावर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि मोडीची बाराखडी काही आठवड्यांच्या सरावाने हाती येते. वाचकहो, हे काम आपल्यावाचून अडले आहे.