चापिंगोचे प्राध्यापक खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे मराठी वाचकाला ठाऊक असतात ते गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून. 'पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले' एवढ्या एका वाक्यात त्यांचे उरलेले आयुष्य गुंडाळले जाते. हा धागा त्या एका वाक्याविषयी.

१९२४ च्या सुमारास वर्ध्याचा हा मनुष्य मेक्सिकोत स्थिरावू लागला, तेव्हा परतीची वाट बंद होती. महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढून झाले होते, बर्लिनमधील वास्तव्यही संपले होते आणि हिंदुस्थानात पाऊल ठेवणे म्हणजे अटक ओढवून घेणे होते. हाताशी होते अमेरिकेत घेतलेले शेतीचे शिक्षण आणि तेथेच मेक्सिकन क्रांतिकारकांशी जुळलेला स्नेह. (बंडाच्या धामधुमीत हा गृहस्थ पदव्या घेत होता, हे आपण सहसा विसरतो.)

टेक्सकोकोजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. एका जुन्या जमीनदारी वाड्यात हे विद्यालय नुकतेच हलले होते. त्याच आवारातील प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा जमीन आणि क्रांती रंगवीत होते.

अडचण निराळीच होती. ज्या लोकांच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी मका घडविला, त्यांना मका शिकवायचा कसा? पिढीजात जाण त्यांच्याकडे होतीच. परंतु मक्याचे परागण वाऱ्याने होते. शेजाऱ्याच्या शेतातील पराग आपल्या कणसावर येतो आणि जपलेले बियाणे पाहता पाहता मिसळून जाते. निवडलेले वाण शुद्ध ठेवायचे तर परागणावर ताबा हवा, कणीस झाकावे लागते, कोणत्या झाडाचा पराग कोणाला दिला याची नोंद ठेवावी लागते. खानखोजे यांचे काम या ठिकाणी सुरू होते. शेताच्या बांधावर उगवणारे, शेतकरी तण समजत असलेले तेओसिंते हे मक्याचे रानटी भावंडही त्यांनी संकरासाठी वापरले. या प्रयोगांची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी काढली.

क्रांतीनंतरच्या १९१७ च्या संविधानाने जमीनवाटपाचा मार्ग मोकळा केला होता. मात्र जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला विद्यालयाची पायरी चढणे कठीणच. म्हणून गावोगावी 'मुक्त कृषी शाळा' निघाल्या आणि विनामूल्य शिक्षण सुरू झाले. त्यांतील एकीला एमिलियानो झापाटा यांचे नाव होते. बंदूक टाकून खडू उचलला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण तो निवृत्तीचा मार्ग मानणे अन्यायाचे ठरेल. सत्ता उलथल्यावर शेतकऱ्याच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न त्यांना गदरच्या दिवसांत विचारण्याची सवड मिळाली नव्हती. येथे तो रोज समोर उभा होता.

मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील रिवेरा यांच्या एका भित्तिचित्रात मेजाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा सावळा मनुष्य खानखोजेच, असे मानले जाते.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या कन्या तेथेच वाढल्या. स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले.