हजेरीपट कोणी कोणाचा तपासायचा?

वंचितांसाठी सॉफ्टवेअर बनते, पण ते काय करणार हे ठरवणाऱ्या बैठकीत वंचित का नसतात? आम्ही कार्यकर्ते हा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले असते: हा तांत्रिक विषय आहे. आम्हाला ते मान्य नाही. 27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे, अशी मांडणी केली. मताधिकार आणि मतदारसंघ हाही तेव्हा 'जाणकारांचाच' विषय होता.

आता मजुरांच्या हजेरीपटाचा इतिहास पाहा. राजस्थानात 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. दुष्काळी कामांवर किमान वेतन मिळत नव्हते. विचारले तर 'तुमचे काम कमी भरले, कागदावर तसेच आहे' हे उत्तर. कागद दाखवा म्हटले की तो सरकारी गुपित! डिसेंबर 1994 पासून जनसुनवाया सुरू झाल्या. सगळ्या गावासमोर मस्टर मोठ्याने वाचले गेले आणि त्यात मेलेल्या माणसांनीही मजुरी घेतल्याचे निघाले. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणे झाले. 2005 चा माहिती अधिकार कायदा या मातीतून उगवला, हे शहरी मध्यमवर्ग सोयीने विसरतो.

याच संघर्षातून पुढे एक सॉफ्टवेअरही आले. 13 सप्टेंबर 2019 रोजी राजस्थानचे जन सूचना पोर्टल सुरू झाले. त्याआधी आणि नंतरही अधिकारी, संगणक विभागाचे लोक आणि जनसंघटना एकत्र बसत. या बैठकांना 'डिजिटल संवाद' म्हणत. कोणती माहिती हवी, ती वॉर्डनिहाय कशी दिसावी, हे तिथे बोलले जाई. रेशन दुकानात किती धान्य आले, हे कुणालाही पासवर्डशिवाय पाहता येऊ लागले. इथे नजर सरकारवर होती.

उलट उदाहरण मनरेगाच्या हजेरी ॲपचे. 1 जानेवारी 2023 पासून ते कामांवर सक्तीचे झाले. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो, तोही जागेच्या नोंदीसह. मनरेगाची मजुरी बहुतेक ठिकाणी कामाच्या मापावर मिळत असे. सकाळी लवकर येऊन काम उरकणाऱ्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबणे आले. रेंज नसली की खाडा. फोन मेटने स्वतःचा आणायचा. एका मजूर बाईला जरी आधी विचारले असते तरी हे सगळे कळले असते. त्याऐवजी मजुरांना दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसावे लागले.

चोरी तरी थांबली का? जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रकात लिहिले की कामाशी संबंध नसलेले फोटो, अगदी फोटोचे फोटोही ॲपवर चढवले जात आहेत. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीने प्रत्येक फोटो माणसांकडून तपासून घ्यावा.